पांढरी दारं

अमरावती
२ डिसेंबर २०२४

नाग्या,

जयभीम. पोस्टाचं पाकीट पाहून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. दसऱ्याला आपण फोनवर एकमेकांचे जे वाभाडे काढले ते आईने हिवरखेडला स्पीकरवर ऐकले आणि तिचा हुकूम तुलाही माहीत आहे. "आता तुमी दोघं फोनवर बोलायचं नाई. लिवा. लिवतानी माणसाचा हात तरी थांबते." तर लिहिते आहे. हात थांबतो का ते बघू.

काम असं आहे. फेब्रुवारीत दर्यापूरच्या मोटारपटात मी धम्मपालची निळी गाडी उतरवणार आहे. डोळे चोळू नकोस, बरोबर वाचलंस. मी चालवणार. नत्थुजी मिस्त्रीने सात-आठ महिने खपून गाडीचा चेंदामेंदा सरळ केला, कंपनीची दुसरी दारं बसवली, आणि सुट्टीच्या दिवशी वलगावच्या पुढे एका पडीत वावरात मी ती पळवते. आधी उलट्या झाल्या, एकदा दात हलला. आता जमतं. वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टर मला वेडी म्हणतात, पण तोंडावर म्हणत नाहीत.

शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या, दुसऱ्या दिवशी त्याच वावरात गाड्या सोडतात, सगळ्यांच्या गाड्या एकाच जुन्या छोट्या मॉडेलच्या, म्हणून जो वजन उतरवतो तो पुढे जातो. हे मी तुला काय सांगू, हेच सांगून धम्मपाल तुझं डोकं खायचा. मला कंपनीची पुढची दोन्ही दारं काढून फायबरची बसवायची आहेत. तू कूलरच्या बॉड्या ओततोस, तुला दार काय जड आहे? चालवणाऱ्याच्या बाजूचं दार सगळ्यात हलकं कर. आत काच नको, यंत्र नको, आणि ती लोखंडी नळी तर मुळीच नको. नत्थुजी गाडीच्या आत पाइपांचा पिंजरा वेल्ड करून देणार आहे, तेव्हा दारात लोखंड लागत नाही. रंग पांढरा.

रागिणी आईकडेच आहे. आजीला पाढे शिकवते म्हणे.

तुझी ताई
संध्या


अकोला
९ डिसेंबर

ताई,

जयभीम. नाही करणार. उत्तर संपलं. पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नकोस.

तू शुद्धीवर आहेस का? मागच्या फेब्रुवारीत त्याच वावरातून आपण धम्मपाल भाऊजींना चादरीत गुंडाळून आणलं. तुझी पोरगी सात वर्षांची आहे. आणि तू मला सांगतेस की नळी नको?

कंपनी दाराच्या पोटात ती नळी आडवी घालते, ती काय शोभेसाठी? बाजूने कोणी ठोकलं तर पत्रा दुमडतो, काच फुटते, पण नळी अडून बसते आणि समोरच्याचं बोनट माणसाच्या बरगडीपर्यंत येऊ देत नाही. दार जड असतं ते तिच्यामुळेच. भाऊजींनी ती माझ्या दुकानात, माझाच ग्राइंडर लावून कापून काढली. मी आडवा आलो तर हसून म्हणाले, "अबे नाग्या, मले कोण ठोकते? मी कोणाच्या हाती लागीन तवा ना!" लागले हाती. ती नळी अजून दुकानाच्या कोपऱ्यात उभी आहे. भंगारवाला दोनदा मागून गेला. देववत नाही.

दुसरी गोष्ट. मागच्या महिन्यात एक माणूस दुकानात आला. पटाच्या गाडीला हलकी दारं पाहिजेत म्हणाला. मी विचारलं, कोणाच्या गाडीला? "गजूभाऊ ठेकेदाराच्या. भाऊ म्हणते, झालं गेलं इसरून जा, खेळात होत राह्यते." माझ्या हातात रेझिन दाबायचा लोखंडी रोलर होता. तोच त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात फरशीवर पडले. तो खाली वाकला दात शोधायला, तेव्हा मानेवर हाणला, आणि पडल्यावर लाथांनी तुडवला. शेजारचा वेल्डर धावून आला नसता तर आज मी हे पत्र आतून लिहीत असतो. ओल्या कूलरच्या बॉडीत त्याचं रक्त सांडलं, ती बॉडी फेकावी लागली. ठाण्यात दिवसभर बसून राहिलो आणि एवढंच वाटत राहिलं की हा गज्या नव्हता, नुसता त्याचा माणूस होता.

भाऊजींना ज्याने ठोकलं त्याच गज्याच्या पुढे-मागे तू गाडी पळवणार आणि दार देऊ मी?

आणि हो, गाडी निळी. मग दारं पांढरी काहून? लग्नाच्या वरातीत घालायची आहे का?

नागसेन


अमरावती
१६ डिसेंबर

नाग्या,

तू त्या दिवशी नव्हतास. चादर घेऊन आलास तेव्हा सगळं संपलं होतं. मी कडेला उभी होते, म्हणून एकदा नीट सांगते, मग तू ठरव.

बाभळीपाशी उजवं वळण आहे. तिथे प्रत्येक गाडी घसरते, आडवी होते, आणि मागून येणाऱ्याच्या थेट पुढ्यात चालवणाऱ्याचं दार येतं. हे पटात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिथे मागून येणारा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. रीतच आहे तशी. धम्मपाल पुढे होता, गज्या मागे. धम्मपालची गाडी आडवी झाली आणि मी गज्याच्या इंजिनाचा आवाज ऐकत होते. आवाज कमी झाला नाही, नाग्या. वाढला.

दार पापडासारखं आत गेलं. मी पळत गेले तेव्हा धम्मपालच्या तोंडातून लाल फेस येत होता. डाव्या हाताने तो चावी बंद करायला बघत होता, कारण गाडी पेटेल ही त्याला काळजी. उजवा हात दार आणि सीट यांच्यामध्ये कुठेतरी होता. पत्रा त्याच्या बरगड्यांत शिरला होता, आणि मी नर्स आहे, मला माहीत होतं की पत्रा ओढून काढला तर तो तिथेच रिकामा होईल. म्हणून ओढला नाही. त्याच्या मांडीवर हात ठेवून बसले. मांडीचं हाड हाताला लागत होतं, कातडीच्या बाहेरून. तो म्हणाला, "संध्या, लय दुखते वं." याच्यापुढे तो काही बोलला नाही.

गज्या त्याच संध्याकाळी कप घेऊन गेला. दर्यापूरच्या चौकात फटाके वाजले. पोलिसांनी लिहून घेतलं, खेळातला अपघात.

तू दारं करून दिली नाहीस तर नत्थुजी माझ्या गाडीच्या कंपनीच्या दारातली नळी कापून देणार आहे. ग्राइंडर त्याच्याकडेही आहे. मग निदान तुझ्या हातचं दार नसेल एवढंच समाधान तुला. बघ.

पांढऱ्यावर निळा रंग चांगला चढतो, वरून मारून घेईन. आणि कोपऱ्यातली ती नळी भंगारात दे. मेलेल्या माणसाचं लोखंड कशाला सांभाळतोस?

ताई


अकोला
११ जानेवारी २०२५

ताई,

दारं टेम्पोने पाठवली आहेत. तू जिंकलीस. लहानपणापासून तूच जिंकतेस, तुला आता कुठे नवं आहे.

भाऊजींच्या गाडीची जुनी दारं माझ्याकडे पडली होती. डाव्याचा साचा सरळ निघाला, उजवं मात्र आधी ठोकून ठोकून माणसात आणावं लागलं. त्याला हात लावताना अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मग मेण लावलं, पांढरा थर मारला, त्याच्यावर काचतंतूंची मॅट आणि रेझिन, आणि मधे पुण्याहून मागवलेलं कार्बनचं काळं कापड. कातडी इतकी पातळ ठेवली आहे की उन्हाकडे धरलीस तर बोटं दिसतील. कंपनीचं दार उचलायला दोन माणसं लागायची. हे तू एका हाताने पाटासारखं उचलशील.

नळी घातलेली नाही, तू म्हणालीस तसं. जुनी भंगारात दिली. चालवणाऱ्याच्या दाराचं पोट मी फोम भरून बंद केलं आहे, ते कुणालाही उघडू देऊ नकोस, भोक पाडू देऊ नकोस. फायबर चिरतं. एवढं तरी ऐक.

बिजागऱ्या बसवायला मी स्वतः येऊ का? नत्थुजी हातोड्याचा माणूस आहे, फायबरला हातोडा चालत नाही. ताई, त्या वळणावर पुढे राहू नकोस. मागे राहा. हरलीस तरी चालेल. हे लिहिताना माझा हात थांबतो आहे, आईला सांग.

नागसेन


अमरावती
१९ जानेवारी

नाग्या,

दारं पोचली. देखणी झाली आहेत. नत्थुजीसारखा माणूस दारावरून हात फिरवत म्हणाला, "अकोल्याच्या पोराचा हात सोन्याचा हाय."

तू येऊ नकोस, बसवायलाही नाही आणि पटालाही नाही. तू तिथे आलास आणि गज्या दिसला तर तुझा रोलर सुरू होईल. त्या दिवशी हिवरखेडला जाऊन आईजवळ बस. रागिणीला टीव्ही लावून दे.

वळणावर मी मागेच राहणार आहे. वचन देते.

ताई


अमरावती
८ फेब्रुवारी

नागसेन,

हे पत्र वाच आणि जाळ.

मी आमच्याच हॉस्पिटलात, आमच्याच वॉर्डात पडले आहे. गळपट्टीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. आईने तुला गाडी उलटली म्हणून सांगितलं असेल. उलटली नाही.

ती दारं माझ्या गाडीसाठी नव्हतीच. माझ्या निळ्या गाडीला कंपनीचीच दारं होती, नळीसकट. गज्याने यंदा पांढरी गाडी घेतली आणि तो हलकी दारं शोधतो आहे, हे नत्थुजीकडून मला आधीच कळलं होतं. तू त्याला दारं देणार नाहीस हे त्याला कळलं होतं, त्याच्या माणसाच्या तोंडावर तूच लिहून पाठवलं होतंस. मग मी नत्थुजीकडून निरोप सोडला की बाईचं अवसान गळालं, दारं पडून आहेत, कोणी घेतं का. दुसऱ्याच दिवशी तू दात पाडलेला तो माणूस येऊन दारं घेऊन गेला. विधवेचं सामान म्हणून घासाघीस करायलाही लाजला नाही. पटाच्या दिवशी निळी गाडी पाहून गज्या हसत जवळ आला. "उतरल्या का शेवटी? दारं लय हलकी हायेत वयनी, भावाले सांगजा." मी सांगते म्हटलं.

तिसऱ्या फेरीला तो पुढे होता, मी मागे. वचन पाळलं. बाभळीपाशी तो आडवा झाला आणि पांढरं दार माझ्यासमोर आलं, त्याच्या वर त्याचं तोंड. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं, नाग्या. त्याचे डोळे मोठे झाले आणि त्याने हात वर केला, बस तेवढा वेळ होता. मी पाय उचलला नाही. दाबला.

दार आत गेलं, धम्मपालचं गेलं होतं तसंच, आणि माझ्या पोटात एकदम गार वाटलं, झालं म्हणून. मग ते थांबलं. आत काहीतरी होतं. माझ्या गाडीचं तोंड त्या काहीतरीवर दुमडलं, स्टिअरिंग छातीत आलं, गुडघा खाली कुठेतरी फुटला. डोळ्यांत रक्त उतरलं होतं तरी मी बघत होते. गज्या दुसऱ्या दारातून रांगत बाहेर पडला. त्याचा उजवा हात कोपरापासून उलटा लोंबत होता, हाड शर्ट फाडून वर आलं होतं. तो ओकला. मी वाट पाहत होते की आता तोंडातून फेस येईल. कोणीतरी त्याला तांब्या दिला आणि तो पाणी प्यायला. घटाघट प्यायला.

तू दारात काय घातलंस?

मला लिहिलंस नळी नाही. माझ्याशी खोटं बोललास. एक वर्ष मी दुसरं काही केलेलं नाही, एवढ्या एका वळणासाठी जगले, आणि तू गज्याला वाचवलंस. माझ्या नवऱ्याला मारणाऱ्याला माझ्या सख्ख्या भावाने वाचवलं. तुझं तोंड मला दाखवू नकोस. हिवरखेडला मी असेन तेव्हा येऊ नकोस.

संध्या


अकोला
२० फेब्रुवारी

ताई,

पत्र जाळलं. वाचलेलं जळत नाही.

होय, खोटं लिहिलं. तू मला लिहिलंस की दाराआड तू बसणार आहेस. ग्राइंडर घेऊन नत्थुजी उभा आहे अशी धमकी दिलीस. मग मी काय करायचं होतं? बाकी सगळीकडून वजन काढलं, कातडी पातळ केली, आणि तेवढ्यात बसेल अशी नळी फोममध्ये पुरून वरून मॅट मारली. तुला सांगितलं असतं तर तू कापून काढली असतीस. तुझ्या घरात ती सवय आहे.

आणि ती कोणती नळी ते ऐक. भंगारात दिली नव्हती. भाऊजींनी कापून काढलेली तीच नळी त्या दारात होती. मला वाटलं, त्यांच्या कामी आली नाही, निदान त्यांच्या बायकोच्या कामी येईल.

आता परवाची गोष्ट. गज्या दुकानात आला. हात गळ्यात बांधलेला, बरोबर तो दात पडलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यावर ते दार. मला म्हणतो, दुरुस्त करून द्या. मी हातोडा उचलला. तो हलला नाही. म्हणाला, "तुमच्या बहिणीनं पाय उचलला नाई. मागच्या गाडीच्या आवाजावरून समजते ते. मी पोलिसाले काई सांगतलं नाई अन् सांगतही नाई. तिचा माणूस गेला, माया हात गेला. डाक्टर म्हणते आता कोपर वाकनार नाई. फिटंफाट."

मी विचारलं, "आवाजावरून तुला कसं समजतं रे?"

तो दाराकडे बघायला लागला. ताई, सगळं दर्यापूर वर्षभर जे बोललं नाही ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी एक हाणलीच. उलट्या हाताने, नाकावर. नाक फुटलं, त्याच्या गळ्यातल्या पट्टीवर रक्त गळायला लागलं. मग हातोडा वर नेला तो डोक्यावर घालायलाच. आणि कुठून कोण जाणे, रागिणीचा आवाज आठवला. आई तिला रोज संध्याकाळी पंचशील म्हणायला लावते ना, ती पहिल्याच शीलाला अडखळते आणि पुन्हा सुरू करते, तसा. पहिलं शील जीव न घेण्याचं, ते तुला सांगायला नको. आपण दोघं सख्खी भावंडं एकाच माणसावर ते मोडायला निघालो होतो. ते पोर मग कोणी सांभाळायचं होतं, आईने? तुला तुरुंगात भेटायला आणि मला फासावरून उतरवायला म्हातारीने कोणत्या गाडीने जायचं होतं?

तो हातोडा मी दारावर घातला. घालत राहिलो. फायबरच्या चिंध्या झाल्या, फोम उडाला, आणि आतून नळी निघाली. गज्यासमोर ती उभी धरली. म्हटलं, "ही धम्मपालची. त्यानं काढली नसती तं तो वाचला असता. तू वाचला ते हिच्यामुळे. आता जाय, घरी जाऊन रोज जेवताना आठव." तो नाक दाबून उभा राहिला, मग खाली बसला. माझ्या दुकानाच्या फरशीवर, रक्तात. त्याच्या माणसाने त्याला उठवून नेलं. दार नेलं नाही.

नळी तुझ्याकडे पाठवतो आहे. तुझी आहे. मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण मी पुन्हा दार केलं तर पुन्हा घालीन.

नाग्या


हिवरखेड
१४ मार्च

नाग्या,

मी आईकडे आले आहे, कुबड्या घेऊन. नळी काल पोचली. पोस्टमन म्हणाला, "काय पाठवते वं तुया भाऊ, तोफ?"

दिवसभर मांडीवर घेऊन बसले. दोन्ही टोकं वेडीवाकडी कापलेली आहेत. धम्मपालला सरळ काही कापता यायचं नाही, घाई. वांगं कापायचा तेही असंच. मधे ती वाकली आहे, माझा पंजा बसेल एवढी. ती वाक माझी आहे. बाकी सगळी नळी त्याची आणि तेवढी जागा माझी. मग मी रडले. वर्षभर रडले नव्हते, तुला माहीत आहे.

गज्याला मी माफ केलेलं नाही. करणार नाही. तुझ्या जागी मी असते तर हातोडा दारावर घातला नसता. तुझ्यावरचाही राग गेलेला नाही, पण आता तो नेहमीचा आहे, लहानपणी तू माझ्या कंपासपेटीचं झाकण वाकवलं होतंस तेवढा.

रागिणीने विचारलं, हे काय आहे? म्हटलं, तुझ्या बाबांच्या गाडीचं. तिने दोन्ही हातांनी उचलून पाहिली, जड आहे म्हणाली. मग घेऊन गेली आणि आईच्या न्हाणीच्या दाराला आतून आडवी लावली. त्या दाराची कडी कधीची तुटली आहे. दार ओढून पाहिलं, आणि आतूनच ओरडली, "आई, आता कोणी येऊ शकत नाही!" मी बाहेर उभी होते, कुबडीवर. मी दार ढकललं. उघडलं नाही. नाग्या, मी परत परत ढकलत राहिले आणि पोरगी आतून हसत राहिली.

या पोरीला सोडून मी त्या दिवशी पाय दाबला. ती त्या वावरात माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती. तुझ्या डोक्यात होती.

आईला विचारलं, आता फोनवर बोलू का त्याच्याशी? म्हणाली, "आधी त्याले बरं लिव, मंग बोल." हे ते बरं लिहिलेलं. रविवारी फोन कर. भांडायला काही नसलं तरी कर.

तुझी ताई